अव्वाचं आरक्षण

तळंदूर, जि. कोल्हापूर
१९ जानेवारी १९९७

चि. सोमू,

आशीर्वाद आधीच घेऊन ठेव, कारण पुढं सगळा संतापच आहे. तुझ्यावर नाही, पण वाचणारा तूच आहेस.

अभिनंदनाची तार मिळाली. हार-तुरे झाले, ह्यांच्या खताच्या दुकानासमोर फटाके वाजले. नगराध्यक्षाची खुर्ची बायकांसाठी राखीव झाली म्हणून मी बसले, नाहीतर जुना नगरसेवक सयाजी बसणार होता. तो हे मला रोज येऊन आठवून देतो.

परवा सभागृहात एकटीच होते. भिंतीवर गावाचा मंजूर विकास आराखडा टांगलाय. काचेवर बोटभर धूळ. पदरानं पुसली आणि हौसेनं आपलं विहिरीचं वावर शोधलं. वावरातून तपकिरी रंगाची जाड रेघ गेलेली. साठ फुटी रस्ता. अभियंत्याला बोलावून विचारलं, ही नेमकी कुठून जाते? त्यानं पट्टी लावली, हिशेब केला आणि पेन्सिल टेकवली ती थेट अप्पांच्या समाधीवर.

मी म्हटलं, अहो इथं आमचे वडील बसलेत. तो खिडकीतून बाहेर बघायला लागला. मग सांगावं लागलं की आम्ही लिंगायत, आमच्यात दहन नसतं, गेलेल्या माणसाला मांडी घालून मातीत बसवतात, बहुतेक आपल्याच वावरात. त्यानं मान डोलावली आणि पेन्सिल तेवढी बाजूला केली. रेघ तिथंच.

अव्वाला अजून सांगितलेलं नाही. सांगू तरी कशी? अप्पांच्या शेजारी तिनं बेलाचं रोप लावलंय, ती तिची जागा. रोज सकाळी तांब्या घेऊन जाते, पाणी घालते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "हितं माझं रिजर्वेशन हाय." आता कळलं की सरकारनं तिच्या आधीच तिथं रिझर्वेशन केलंय.

पण घाबरू नकोस. घटनादुरुस्ती झालीय. आम्हा नव्या नगरसेविकांचं कोल्हापुरात शिबिर झालं, तिथं वक्त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं की आता अठरा विषय नगरपालिकांचे, आणि त्यातला पहिलाच नगररचना. म्हणजे रस्ता कुठून जायचा ते आम्ही ठरवायचं. पुढच्या सभेत ठराव घेते आणि रेघ पुसून टाकते. तू सरकारी माणूस, ठरावाची भाषा तेवढी लिहून पाठव.

आक्का


मुंबई
२ फेब्रुवारी १९९७

ती. आक्कास,

सोमूचे शरणार्थ. तुझं पत्र वाचून तुझी भावजय शांभवी म्हणाली, आक्कांना उत्तर देताना तेवढी सरकारी भाषा नको. प्रयत्न करतो.

रेघ पुसू नकोस. हात जोडून सांगतो, आराखड्याला खोडरबर लावू नकोस.

त्या वक्त्यानं अर्धंच सांगितलं. घटनेत अठरा विषयांची यादी आली हे खरं. पण हे अधिकार राज्याचं विधिमंडळ कायदा करून पालिकांना देऊ शकेल, असं तिथं म्हटलंय. दिलेच पाहिजेत असं नाही. आणि नगररचनेचा कायदा अजून जुनाच आहे, सहासष्ट सालचा. त्यात आराखडा तयार करायचा पालिकेनं आणि मंजूर करायचा राज्यानं. एकदा मंजूर झाला की त्यातला कोपराही तुम्हाला परस्पर हलवता येत नाही. पेन्सिल तुमची, खोडरबर आमचं, असं समज.

रस्ता हलवायचाच असेल तर त्याची वाट अशी: सभेत ठराव, मग राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस, लोकांच्या हरकती, त्यांची सुनावणी, मग प्रस्ताव मुंबईला. मुंबई नगररचनेच्या तज्ज्ञांचं मत घेणार आणि मग मंजूर करणार किंवा नामंजूर. किती वेळ लागेल हे विचारू नकोस.

आता एक विचारतो, रागावू नकोस. समाधीची माती विधिपूर्वक दुसरीकडं नेता येते, असं इथल्या एका मठाच्या स्वामींनी सांगितलं. वावराच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीपलीकडं? सगळ्यांचा त्रास वाचेल. अव्वा माझीही आई आहे, मला काही कळत नाही असं समजू नकोस.

तुझा
सोमू


तळंदूर
११ जून १९९७

चि. सोमू,

माती विधिपूर्वक नेता येते म्हणे. अप्पा म्हणजे काय बदली झालेला कारकून आहे, की सामान उचललं आणि दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवलं? तुझं ते पत्र मी अव्वाला वाचून दाखवताना हे आणि रस्त्याचं सगळंच गाळलं. माझे उपकार मान.

तू सांगितलेल्या वाटेनंच चाललेय. ठराव एकमतानं झाला. सयाजीसुद्धा हात वर करून बसला, कारण त्याच्या पाठीमागं बसलेल्या निम्म्या सभासदांचे वाडवडील असेच कुणाच्या ना कुणाच्या वावरात बसलेत. रस्ता उत्तरेला सरकवून ओढ्याच्या कडेनं वळवलाय. नोटीस छापून आली.

आणि हरकत आली ती शेजारच्या जोतीरामची. नवी रेघ त्याच्या गोठ्यावरून जाते. माणूस भांडखोर नाही हे तुलाही ठाऊक आहे, अप्पांच्या मयतीला खड्डा खणायला पहिला तोच आला होता. घरी आला, चहा घेतला आणि कपबशी खाली ठेवून म्हणाला, "आक्का, तुमचा बाप गेल्याला हाय, माज्या म्हशी जित्या हायत. रस्ता कुणावरनं न्यायाचा, तुमीच सांगा."

सभेत मी सयाजीला गप्प करते, पण याला काय सांगणार?

सुनावणी झाली, त्याची हरकत नोंदवली, प्रस्ताव कोल्हापुरात दाखवला. तिथल्या साहेबांनी विचारलं, बाई, फेरबदलाचं कारण काय? मी खरं कारण लिहिलं. भावनिक. ते कागदाकडं बघत राहिले, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, पाठवा मुंबईला.

अव्वाच्या पायाची जखम भरत नाही, साखर वाढलीय. म्हणून तिला कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या शिवांजलीकडं ठेवलंय, डॉक्टर जवळ पडतो. नातीचं घर असूनही तिला करमत नाही. फोनवर तब्येतीचं सांगत नाही, बेलाला पाणी घातलंस का एवढंच विचारते. घालतेय मी, नगराध्यक्षा असून.

तिला रस्त्याचं कळलंय. भेटायला गेलेल्या सयाजीच्या आईनं पेरूबरोबर ही बातमीही दिली. अव्वा काहीच बोलली नाही. ती बोलते तेव्हा मी निभावून नेते, ती गप्प बसली की मला धास्ती वाटते.

प्रस्ताव तुझ्या मुंबईत पोचला असेल. कुणाच्या टेबलावर आहे ते बघ आणि त्या माणसाला माझ्या वतीनं चार शब्द सुनाव.

आक्का


मुंबई
२४ ऑगस्ट १९९७

ती. आक्कास,

शरणार्थ. गडबडीत लिहितोय. माझी बदली झालीय. इमारत तीच, खातं दुसरं. काम बरंच आहे.

तुझ्या प्रस्तावाची चौकशी करणं सध्या मला जमणार नाही. कारण विचारू नकोस. कचेरीत फोनही करू नकोस, घरी कर, रविवारी.

अव्वाला जपा. गगनबावड्याकडं पाऊस फार झाल्याचं पेपरात वाचलं. आपला ओढा वर आला का?

सोमू


राज्य शासन
मुंबई
दिनांक १२ नोव्हेंबर १९९७

प्रति,
मा. नगराध्यक्ष,
तळंदूर नगरपालिका, जि. कोल्हापूर

विषय: मंजूर विकास आराखड्यातील १८ मीटर रुंद रस्त्याच्या आखणीतील फेरबदल

महोदया,

उपरोक्त विषयावरील आपल्या प्रस्तावाची छाननी केली असता असे निदर्शनास आले आहे की, फेरबदलाचे कारण म्हणून केवळ "भावनिक" असे नमूद केले आहे. सदर कारण नगररचनेच्या दृष्टीने ग्राह्य धरता येत नाही. तसेच सदर फेरबदलाचा लाभ विद्यमान नगराध्यक्षांच्या कुटुंबास होत असल्याचे दिसून येते. याबाबत नगरपालिकेने आपला स्वयंस्पष्ट खुलासा सादर करावा. तोपर्यंत प्रस्ताव प्रलंबित ठेवण्यात येत आहे.

आपला,
(सो. भी. हत्तरगी)
कक्ष अधिकारी


तळंदूर
२० नोव्हेंबर १९९७

मा. कक्ष अधिकारी हत्तरगी साहेब यांस,

महोदय,

आपले पत्र मिळाले. स्वयंस्पष्ट खुलासा खालीलप्रमाणे.

फेरबदलाचा लाभ नगराध्यक्षांच्या कुटुंबास होतो हे खरे आहे. समाधी नगराध्यक्षांच्या वडिलांची आहे. शेजारची जागा त्यांच्या आईने स्वतःसाठी राखून ठेवली आहे. सातबाऱ्यावर नगराध्यक्षांच्या भावाचेही नाव असून तो भाऊ शासनाच्या सेवेत, आपल्याच टेबलावर, आपल्याच खुर्चीत बसतो. त्यालाही लाभ होत असल्यास त्याचा खुलासा शासनाने आपल्या स्तरावर घ्यावा.

आता सोमू, तुला.

हे पत्र मी भर सभेत फोडलं. मुख्याधिकाऱ्यांनी मोठ्यानं वाचलं आणि खालचं नाव वाचताना त्यांचा आवाज बारीक झाला. सयाजी हसला नाही, यावरून काय ते ओळख. घरी येऊन ह्यांना दाखवलं तर म्हणाले, सोमूनं नियमानं केलं असेल. नियमानं केलंस हे मला कळतं रे. मला एवढंच कळत नाही की तीन महिने तू त्या फाईलवर बसला होतास आणि मला ओढा वर आला का विचारत होतास.

लहानपणी चुकलास की अव्वाच्या पदराआड लपायचास. आता सरकारच्या आड लपतोस. अव्वाच्या जागेसाठी मी वणवण करतेय आणि तू मला महोदया म्हणतोस.

रविवारी फोन करणार नाही.

गिरिजा शशिधर मगदूम
नगराध्यक्षा


मुंबई
५ डिसेंबर १९९७

ती. आक्कास,

खुलासा मिळाला. तो फाईलला लावलेला नाही. लावला असता तर दोघांचीही चौकशी लागली असती.

बदली याच खात्यात झाली हे तुला सांगितलं नाही, कारण तू रोज फोन केला असतास आणि तू फोनवर बोललीस की शेजारच्या टेबलांनाही ऐकू जातं. लाभ कुणाला होतो हा प्रश्न मी विचारला नसता तर वरच्यांनी विचारला असता, आणि तेव्हा खाली माझं नाव बघून प्रस्ताव कायमचा बाद झाला असता. ज्या दिवशी त्या पत्रावर सही केली त्याच दिवशी मी लिहून दिलं की ही जमीन माझ्याही नावावर आहे, फाईल दुसऱ्याकडं द्यावी. दिली. हे आधीच करायला हवं होतं, हे तुझं बरोबर आहे.

पण आक्का, भावनिक? अगं, सरकारी कागदावर कुणी भावनिक लिहितं का? आराखड्यातला रस्ता ओढा ओलांडतो ती जागा सगळ्यात खोल आहे, गगनबावड्याकडं पाऊस लागला की तिथं कमरेएवढं पाणी असतं, हे गावातल्या पोराला ठाऊक आहे. तेवढं एक वाक्य लिहिलं असतंस तर कोल्हापुरातच अर्धं काम झालं असतं.

आता दुसरं कारण सांगतो, ते यापेक्षा मोठं आहे. मी आराखडा नीट बघितला. त्यात हिंदू स्मशान आहे, कब्रस्तान आहे. आपल्या समाजाची दफनभूमी कुठंही नाही. आपण प्रत्येकजण आपापल्या वावरात माणूस बसवतो, वर दगडही रचत नाही. त्यामुळं सरकारी कागदावर तळंदुरात आपलं कुणी मेलंच नाही.

आणि दफनभूमी हे पालिकेचं काम आहे. तुझ्या त्या अठरा विषयांतही आहे आणि घटनादुरुस्तीच्या कितीतरी आधीपासून तुमच्याच कायद्यातही आहे. नवी जागा ठरवायला, परवाना द्यायला आम्हाला विचारावं लागत नाही. रस्ता आमच्याकडं अडकला असेल, पण माती तुमच्याकडं आहे. वावराचा तेवढा तुकडा दफनभूमी म्हणून जाहीर कर. मग रस्ता वळवण्याचं कारण सार्वजनिक होतं.

एकच गोष्ट आहे. तुकडा मग आपला राहत नाही, गावाचा होतो. कुणीही येऊन शेजारी बसेल. अव्वाला हे नीट समजावून सांग. माझं संमतिपत्र सोबत आहे.

रागावलेलीच राहा, पण फोन कर.

सोमू


तळंदूर
१६ फेब्रुवारी १९९८

चि. सोमू,

फोन केला नाही, कारण हे फोनवर सांगण्यासारखं नाही. अव्वाला घरी आणलंय. तिच्या पायाचं आता फार काही होणार नाही, असं डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं. तिलाही कळलंय. म्हणून तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं: रस्ता, तुझं महोदया, दफनभूमी.

ती हसायला लागली. म्हणाली, "त्यो रस्ता तुज्या बापानंच मागितलाय की."

ऐक आता. मोजणीची माणसं आली तेव्हा अप्पांनी त्यांना बांधावर बसवून उसाचा रस पाजला आणि स्वतः हात करून दाखवलं, आमच्या वावरातनं घ्या, पावसाळ्यात उसाच्या गाड्या चिखलात रुततात, सगळ्यांचीच सोय होईल. एवढंच नाही, आता रस्ता होणारच म्हणून तो पट्टा त्यांनी मोकळा सोडला. तिथं ऊस लावलाच नाही. आणि ते गेले तेव्हा आपण त्यांना कुठं बसवलं? वावरात जिथं ऊस नव्हता तिथं.

मी कपाळाला हात लावला. वर्षभर मी सरकारच्या नावानं बोटं मोडतेय आणि रेघ आपल्या बापाची. अव्वाला विचारलं, मग आधी का बोलली नाहीस? म्हणते, "तू नगराध्यक्ष हाईस, तुला काम नको व्हय?"

तुकडा गावाचा होईल, कुणीही येऊन बसेल, हेही सांगितलं. त्यावर म्हणाली, "बसू देत की. एकटाच बसलाय त्यो इतकी वर्सं. चार माणसं आली तर बोलायला मिळंल."

दफनभूमीचा ठराव झाला. मुंबईला नवा प्रस्ताव गेला, या वेळी ओढ्याच्या पाण्यासकट. पण मुख्याधिकारी अडून बसलेत. ते म्हणतात, ठराव तुमचा, पण आराखड्यात तिथं अजून रस्ताच आहे. राज्याचं पत्र आल्याशिवाय तिथं कुणाला पुरू देणार नाही. म्हणजे रस्ता तुमचा, माती आमची आणि अडवणारा कुणाचा ते कळत नाही. त्यांचा पगार आम्ही देतो, त्यांची बदली तुम्ही करता.

अव्वाकडं वेळ नाही, सोमू. एवढं लक्षात ठेव.

आक्का


तळंदूर
२१ ऑगस्ट १९९८

सोमू,

तू मुंबईला परतल्यापासून लिहीन-लिहीन म्हणतेय. तू गाडीत बसलास तेव्हा मी दारात आले नाही, ते मुद्दामच.

अव्वा गेली त्या दिवशी तिला खुर्चीत बसवून, फुलांनी सजवून वावरात आणलं. पाऊस होता तरी गाव लोटलं होतं. स्वामींनी विभूती लावली, हातात इष्टलिंग दिलं, आणि तिला खाली उतरवताना मी वळून तुला शोधलं. मुलगा म्हणून खड्ड्याच्या काठावर तू हवा होतास. तू लांब बांधावर होतास, मुख्याधिकाऱ्याच्या छत्रीखाली. दोघं साहेब बोलत उभे.

तो मनाईचा कागद घेऊन आला होता हे मला ठाऊक होतं. न देताच गेला. एवढी माणसं बघून त्याचा धीर सुटला असेल. त्याचं सोड, तो परका माणूस. तू आईला माती द्यायला शेवटी आलास, सगळ्यांच्या मागून.

अशी काय खात्याची गोष्ट होती रे, जी आईपेक्षा मोठी होती?

आक्का


मुंबई
३० ऑगस्ट १९९८

ती. आक्कास,

हे तुला तिथंच सांगणार होतो, पण तुझ्या तोंडाकडं बघून धीर झाला नाही.

मी तुमच्याबरोबरच चालत होतो. बांधाजवळ मुख्याधिकारी आडवे आले, कागद हातात घेऊनच. गर्दीनं त्यांचा धीर सुटला नव्हता, ते पुढं येणारच होते. मला बघून थांबले आणि म्हणाले, साहेब, जागा रस्त्यात आहे, तुम्ही राज्याचे अधिकारी, तुम्हीच सांगा, थांबवू की नको?

मी त्यांना म्हटलं, "रस्ता राज्याचा आहे. माती पालिकेची आहे, आणि पालिकेनं ठराव केलाय. आत बसतेय ती माझी आई आहे. तुम्ही तिला थांबवलंत तर मी आत्ता इथं लिहून देईन, की राज्यानं तुम्हाला तसं काहीही सांगितलेलं नाही."

माझी नोकरी जाईल, असं त्यांनी मला समजावलं. मनानं वाईट माणूस नाही, भ्यालेला आहे. त्यांच्या माथी काही येणार नाही याची खात्री पटेपर्यंत मला तिथून हलता येत नव्हतं. मी हललो असतो तर ते माझ्यामागून आले असते. शेवटी त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. मी धावत आलो तोवर अव्वाच्या डोक्यावरून माती गेली होती. मला तिचं तोंड दिसलं नाही, आक्का. रोज तेच आठवतं.

अजून एक. सगळे गेल्यावर मी तिथंच बसलो होतो. जोतीराम ट्रॉलीभर चांगली माती घेऊन आला, पावसानं भर खचू नये म्हणून. फावड्यानं सारखी करता करता म्हणाला, "साहेब, हरकत काढून घेतो. गोठ्याचा कोपरा घ्या. म्हातारीसाठी दिला, सरकारसाठी न्हाय." तसं लेखी घे त्याच्याकडून. माफ कर, सवय जात नाही.

सोमू


मुंबई
९ मार्च २००५

ती. आक्कास,

शरणार्थ. परत नगराध्यक्षा झालीस, आणि या वेळी खुर्ची राखीव नसताना, थेट लोकांतून. सयाजीला आता काय आठवून देता येत असेल?

हे पत्र मुद्दाम हातानं लिहितोय. तुझ्या प्रस्तावाची अधिसूचना काल निघाली. इतक्या वर्षांत फाईल किती टेबलांवरून फिरली ते सांगत नाही, तुझा रक्तदाब वाढेल. सरकारं बदलली, मी दोनदा खाती बदलली, ती फाईल मात्र टिकून राहिली. रस्ता उत्तरेला सरकला, जोतीरामच्या गोठ्याचा फक्त कोपरा जातो. तपकिरी रेघ आता बेलाला वळसा घालून जाते आणि त्या तुकड्यावर छापलंय, दफनभूमी. भिंतीवरचा नकाशा आता बदलून घे, आणि जुन्यावर खोडरबर चालवायचं असेल तर चालव. आता परवानगी आहे.

अप्पांच्या उसाच्या गाड्या नसल्या तरी कुणाच्या तरी बाहेर पडतील.

पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलंय, काळजीचं कारण नाही. शांभवी उगाच काळजी करते.

एक विचारायचं होतं. कसं विचारावं ते कळत नाही, म्हणून सरळच विचारतो. अप्पा-अव्वांच्या शेजारी अजून जागा आहे का? माझ्यासाठी. घाई नाही.

तुझा
सोमू


तळंदूर
१८ मार्च २००५

चि. सोमू,

अधिसूचना मिळाली. नकाशा बदलला. जुना फेकला नाही, घरी आणून ठेवलाय. त्यावर अप्पांची रेघ आहे.

तुझ्या दुसऱ्या विषयाबद्दल. असं पत्रातून विचारून चालत नाही. रीतसर अर्ज कर. दफनभूमी पालिकेची आहे, हा विषय पूर्णपणे आमच्या अखत्यारीतला आहे आणि त्याला तुझ्या सरकारची मंजुरी लागत नाही. हे तूच मला शिकवलंस. अर्ज सभेपुढं येईल आणि सभा काय ठरवेल ते मी ठरवेन.

जागा आहे. अव्वाच्या डाव्या हाताला, बेलाच्या सावलीत. तिथं दुसऱ्या कुणाला मी बसू दिलेलं नाही. सयाजीनं त्याच्या चुलत्यासाठी मागितली होती, त्याला पलीकडची दिली.

पण निवृत्त झालास की आधी इथं ये, शांभवीला घेऊन. मुंबईतले जिने मुंबईलाच राहू देत, आपलं घर बैठं आहे. सकाळी बेलाला पाणी घालायचं काम तुझं. माझे गुडघे दुखतात.

आणि अर्जाचं नीट ऐकून ठेव. तो एवढ्यात आला तर मी त्यात त्रुटी काढीन. खुलासा मागवीन. खुलासा आला की त्यात आणखी त्रुटी काढीन आणि परत पाठवीन. वर्षानुवर्षं प्रलंबित ठेवीन. ते कसं करायचं, हे मी तुझ्याच खात्याकडून शिकलेय.

तुझी
आक्का